पावसाची सरासरी : भोर-वेल्ह्याच्या निमित्ताने

पावसाबद्दल बोलताना 'सरासरी' हा शब्द निदान पाच वर्षं तरी कुणी वापरू नये, असा एक जीआर निघायला हवा असं माझं मत आहे. दरवर्षी ऑगस्ट उजाडला की पेपरात एक चौकट येते. अमुक धरण ९८ टक्के, तमुक धरण १०० टक्के, पुणेकरांची वर्षाची चिंता मिटली. मग हापिसात कॅन्टीनला कुणीतरी म्हणतोच, "अरे, सरासरीइतका झाला की पाऊस. कुठंय तुमचं ते ग्लोबल वॉर्मिंग?"

प्रश्न अगदीच चुकीचा नाही. फक्त तो चुकीच्या आकड्याला विचारलेला आहे.

आधी थोडा भूगोल. पुणे जिल्ह्याच्या नैऋत्य कोपऱ्यात दोन तालुके आहेत, भोर आणि वेल्हे. (वेल्ह्याचं नाव आता राजगड तालुका झालंय. पण एसटीच्या पाटीवर आणि लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच, म्हणून मीही तेच वापरतो.) आपल्याला हे तालुके माहीत असतात ते राजगड, तोरणा, रायरेश्वर, मढे घाट वगैरेंमुळे. पण जरा धरणं मोजून बघा. वेळवंडी नदीवर इंग्रजांच्या काळात बांधलेलं भाटघर, साडेतेवीस टीएमसी. नीरा नदीवर नीरा देवघर, पावणेबारा टीएमसी. कानंदीवर गुंजवणी, ३.६९ टीएमसी. वेल्ह्यात आंबी नदीवर पानशेत, १०.६५ टीएमसी. मोसे नदीवर वरसगाव, १२.८२ टीएमसी. बेरीज केली तर साठ टीएमसीच्या वर जाते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण २,८३० कोटी लिटर. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतल्या चारही धरणांची एकूण क्षमता २९.१५ टीएमसी आहे, आणि त्यातलं ऐंशी टक्के पाणी एकट्या पानशेत-वरसगावात मावतं. म्हणजे कोथरूडमध्ये आपण सकाळी नळ सोडतो तेव्हा त्यातून मुख्यतः वेल्ह्याचा पाऊस पडत असतो. आणि भोरचा पाऊस नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणच्या उसाला जातो.

थोडक्यात काय, तर या दोन तालुक्यांत पाऊस कसा पडतो हा तिथल्या लोकांचा खाजगी प्रश्न नाही. पाऊस 'किती' पडतो असं मी मुद्दामच म्हटलं नाही. 'कसा' हाच खरा प्रश्न आहे.

आता सरासरीकडे येऊ. आमच्या धंद्यात हा धडा पहिल्या दोन वर्षांत मिळतो. सर्व्हरचा सरासरी प्रतिसाद २०० मिलिसेकंद आहे असं सांगून कुणी छाती फुगवली, की सीनियर माणूस पहिला प्रश्न विचारतो, "आणि सगळ्यात हळू एक टक्का?" कारण ९९ लोकांना पान पटकन उघडतं आणि शंभराव्याला वीस सेकंद लागतात, तेव्हाही सरासरी छान दिसते. सिस्टीम कोसळते ती कधीच सरासरीला नाही, ती टोकाला कोसळते.

पावसाचंही नेमकं हेच चाललंय. यातलं बरचसं संशोधन आपल्या पुण्यात, पाषाणच्या आयआयटीएममध्ये (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) झालेलं आहे. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा २०१७ सालचा शोधनिबंध सांगतो, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दिवसाला १५० मिमीपेक्षा जास्त, मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. आणि २०२० साली केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा जो अहवाल आला, तो सांगतो की १९५१ ते २०१५ मध्ये देशाचा जून ते सप्टेंबरचा पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला. ही घट ठळक दिसली ती गंगेच्या मैदानात आणि आपल्या पश्चिम घाटात! एकूण पाऊस थोडा कमी, पण टोकाचा पाऊस जास्त. दोन्ही एकाच वेळी.

हे कसं होतं ते समजायला फार भौतिकशास्त्र लागत नाही. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. त्याच अहवालानुसार हिंदी महासागराच्या उष्ण कटिबंधातल्या भागाचं पृष्ठभागाचं तापमान १९५१ ते २०१५ मध्ये सुमारे एक अंशाने वाढलं. म्हणजे पखाल मोठी झाली. मोठी पखाल भरायला वेळ लागतो म्हणून मधे उघडीप लांबते, आणि रिकामी होते तेव्हा एकदम रिकामी होते. ही पखाल आपल्यापर्यंत आली की तिला पहिली अडवते ती सह्याद्रीची भिंत, म्हणजेच भोर-वेल्ह्याचा घाटमाथा.

सगळ्यात आधी मार बसतो तो भातखाचरात. हे दोन्ही तालुके भाताचे. इंद्रायणी, आंबेमोहोर. इथलं वेळापत्रक नक्षत्रांवर बांधलेलं. उन्हाळ्यात राब भाजायचा, रोहिणीत कोरड्या वाफ्यात धूळवाफ पेरणी करायची, मृगाच्या पावसावर तरवे वर येतात, जुलैत चिखलणी-लावणी, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी. शेकडो वर्षं तपासून घेतलेला प्रोग्रॅमच म्हणा ना. आता २०२५ साली काय झालं बघा. मुंबईत आणि पुण्यात मान्सून २६ मेलाच हजर! ठरलेल्या वेळेच्या दोन आठवडे आधी. पेपरांनी 'बळीराजा सुखावला' वगैरे मथळे दिले. पण ज्याला कोरड्या वाफ्यात पेरायचंय, त्याचा वाफाच चिखल झाला तर तो सुखावणार कसा?

दुसरं टोक कापणीचं. हवामान खात्याने २०२० साली मान्सूनच्या सरासरी तारखा नव्याने जाहीर केल्या. वायव्य भारतातून मान्सून माघारी फिरायची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली, मुंबईची २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर. म्हणजे पाऊस जातोय उशिरा. भात मात्र आपल्या वेळेला पिकतो. ओंब्या भरून वाकलेल्या असताना चित्रा-स्वातीत चार दिवस पाऊस बसला, की भात आडवा होतो आणि उभ्या पिकात दाण्याला मोड येतात. वेल्ह्याच्या बाजाराजवळ एका काकांना मी सहज म्हटलं, "काका, यंदा पाऊस कमी की जास्त?" ते म्हणाले, "पाऊस कमी न्हाई अन् जास्त बी न्हाई सायेब. त्याला वेळ कळंना झालीया." अख्ख्या अहवालाचा सारांश एका वाक्यात!

आता आपली सरकारी व्यवस्था या टोकांना कशी मोजते? अतिवृष्टीचा निकष आहे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमी. हा आकडा सोलापूरला ठीक आहे. घाटमाथ्यावर जुलैमधला ६५ मिमी म्हणजे नेहमीचा दिवस, त्याने भाताचं काहीच बिघडत नाही. उलट ऑक्टोबरात कापून ठेवलेल्या भातावर ३० मिमी पडला तर वर्ष गेलं, पण निकषात तो बसत नाही. (२०२३ साली सरकारने 'सततचा पाऊस' हीसुद्धा आपत्ती मानायचं ठरवलं, ते चांगलंच झालं.) शिवाय पर्जन्यमापक मंडळाला एक. पश्चिमेला घाटमाथ्यावर पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस, आणि तीसेक किलोमीटर पूर्वेला हायवेजवळ त्याचा लहानसा हिस्सा. अशा उताराच्या मुलखात एका मापकावरून दहा गावांचा पाऊस ठरवणं म्हणजे एका मजल्यावरचं थर्मामीटर बघून अख्ख्या इमारतीचा एसी चालवणं.

मग धरणं. २५ जुलै २०२४ आठवा. शेजारच्या मुळशी तालुक्यात ताम्हिणीला २४ तासांत ५५६ मिमी पाऊस झाला. खडकवासल्यातून पस्तीस हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग करावा लागला आणि सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं. आपली धरणं चार महिने सावकाश भरतील या हिशोबाने बांधलेली आहेत. ती लवकर भरून ठेवावीत तर पुढच्या ढगाला जागा उरत नाही, रिकामी ठेवावीत आणि पाऊस दडी मारून बसला तर उन्हाळ्यात बोंब. पूर्वी हा निर्णय अनुभवावर घेता येत होता. आता जुना अनुभवच जुन्या डेटाचा आहे.

आणि इतकं पाणी अडवून ठेवलेल्या या तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतात. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण इथे अक्षरशः खरी आहे. भाटघरचं पाणी उन्हाळ्यात इतकं खाली जातं की एरवी बुडालेलं कांबऱ्याचं कांबरेश्वर मंदिर उघडं पडतं, आपण ते बघायला कॅमेरे घेऊन जातो आणि वरच्या वाडीतल्या बाया झऱ्यावर वाटीने हंडा भरत असतात. धरण खाली, वाडी वर, त्यामुळे वाडीची सगळी भिस्त झऱ्यांवर. झरा भरतो तो रिमझिम, मुरणाऱ्या पावसाने. तोच पाऊस दोन दिवसांत कोसळला तर कातळावरून सरळ नदीत जातो. सरासरी तीच, पण झरा महिनाभर आधी आटतो.

सगळ्यात भीतीदायक गोष्ट डोंगरउतारांची. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं, दीडशेच्या आसपास माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाडमधलं तळीये, ऐंशीहून जास्त. त्याच दिवसांत भोरच्या दक्षिणेला महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिमी पाऊस पडला होता. भोर आणि महाड यांच्यात अंतर एका वरंध घाटाचं. भोरमधल्या कोंढरी, धानवली या गावांच्या पुनर्वसनाच्या बातम्या मी गेली कित्येक वर्षं दर पावसाळ्यात वाचतोय. पावसाळा संपला की बातमी संपते.

आणि नेमक्या याच उतारांवर सध्या काय चाललंय? जेसीबी. 'किल्ल्याचा व्ह्यू, लेक टच, फक्त दीड तासावर' असे मेसेज तुमच्याही ग्रुपवर येत असतील. डोंगराचा पाय कापून रस्ता, रस्त्याच्या वर टप्पे, टप्प्यांवर बंगले. ज्या उताराला पाणी पडू लागलंय दुप्पट जोराने, त्याचाच पाया आपण काढून घेतोय. पश्चिम घाटाबद्दल गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. त्यानंतर केंद्राने मसुद्यामागून मसुदे काढले, सहावा ३१ जुलै २०२४ ला. आमच्याकडे इतकी व्हर्जन्स काढून एकही रिलीज झालं नसतं तर टीम कधीच घरी गेली असती.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, पूर-दुष्काळ पूर्वीही होतेच की. होते ना. अपघातही पूर्वी होतेच, म्हणून ते तिप्पट झाले तरी ब्रेक तपासू नयेत का? दुसरा आक्षेप, कार्बन सोडला अमेरिकेने आणि युरोपने, आपण काय करणार? हा निम्मा खरा आहे. माणशी वर्षाला भारताचं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन दोन टनांच्या आसपास, अमेरिकेचं चौदाच्या आसपास. आणि वेल्ह्यातल्या भातवाल्याचं भारताच्या सरासरीच्याही कितीतरी खाली. (पुन्हा सरासरी!) पण नेमकं म्हणूनच त्याच्या नुकसानीचा भार त्याच्या एकट्यावर टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही. तापमान जागतिक परिषदांमध्ये कमी व्हायचं तेव्हा होईल. झरे, उतार, पर्जन्यमापक आणि पैसा या गोष्टी मात्र पुण्यात बसून ठरतात.

पैशाचंच बोलतो. न्यूयॉर्क शहराने १९९७ साली एक करार केला. शंभरेक मैलांवरच्या कॅट्सकिल डोंगरांतून शहराला पाणी येतं. ते शुद्ध करायचा अब्जावधी डॉलरचा प्रकल्प बांधण्याऐवजी शहराने वरच्या गावांना आणि शेतकऱ्यांना पैसे दिले, की तुमची जंगलं, उतार आणि ओढे नीट ठेवा. भोर-वेल्ह्यासाठी हेच का होऊ नये? पुण्याच्या पाणीपट्टीत आणि नीरेच्या कालव्यांवरच्या सिंचन पट्टीत एक छोटा, ठळक दिसणारा 'पाणलोट' आकार लावा. तो पैसा थेट वरच्या ग्रामपंचायतींना जाऊ दे. झऱ्यांच्या दुरुस्तीला, वाडीच्या टाकीला, गावागावात पर्जन्यमापकाला, ऑक्टोबरच्या भाताच्या भरपाईला, आणि धोक्याच्या वाड्या सुरक्षित जागी हलवायला. आणि एका ठरावीक चढाच्या वर जेसीबी बंद, मग प्लॉट कुणाचाही असो.

पाणी फुकट मिळतं असं आपल्याला वाटतं, कारण त्याची किंमत दुसरं कुणीतरी भरतंय. आपले आजोबा-पणजोबा हिशोबाला चोख होते म्हणतात. मग हा हिशोबही चोख व्हावा, एवढंच.