नवे गोंदण आणि घरची हळद

हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची आवक सुरू झाली की व्यापाऱ्याचे हात आणि कपडे पिवळे होतात. ज्या जिल्ह्यातील वसमतच्या हळदीस भौगोलिक मानांकन लाभले आहे, तेथे कोणत्याही जखमेसाठी पहिला हात हळदीच्या डब्याकडे जावा, हे स्वाभाविकच होय. पूर्वी गोंदणारीण सुईने काजळी टोचून झाल्यावर त्यावर हळद लावीत असे. आता शिक्षणासाठी शहरात गेलेला मुलगा हातावर टॅटू काढून सुटीत घरी येतो आणि वडीलधारी रागावतील या धास्तीने तो पूर्ण बाहीच्या सदऱ्याखाली झाकून ठेवतो. उन्हाळ्यातील घाम आणि कापडाचे घर्षण यांनी ती जखम चिघळू शकते. गोंदवावे की नाही, याची चर्चा घरात अवश्य व्हावी. परंतु ती जखम भरून आल्यावर.

टॅटूची सुई त्वचेत सुमारे 1 ते 2 मिलिमीटर खोल जाते. वरची त्वचा साधारणतः 2 ते 4 आठवड्यांत भरते. आतील थरांस त्याहून अधिक, कित्येकदा 2 ते 3 महिने लागतात. या काळात औषधांपेक्षा स्वच्छतेचे महत्त्व अधिक आहे. प्रथम हात साबणाने धुवावेत. मग गोंदलेली जागा दिवसातून दोन वेळा कोमट पाण्याने व सौम्य, बिनसुगंधी साबणाने हलकेच धुवावी. अनेक जैन घरांत उकळलेले पाणी रोज सिद्ध असतेच. तेच कोमट करून वापरावे. न घासता, स्वच्छ कापडाने टिपून ती जागा कोरडी करावी आणि मलमाचा अगदी पातळ थर द्यावा. जाड थराखाली ओल कोंडते.

येथे हळदीचा मोह आवरावा. हळद शिजते, उघड्यावर वाळते, पॉलिश होते, पोत्यांत भरली जाते आणि मोंढ्यात किती हातांतून जाते, हे येथील व्यापाऱ्यास कोणी सांगावयास नको. स्वयंपाकात ती शिजते. जखमेवर ती तशीच, धुळीसह व जंतूंसह पडते. तिचे कण खपलीत अडकतात ते वेगळेच.

मलम घेतानाही वेष्टनावरील घटक वाचावेत. लॅनोलिन हे मेंढीच्या लोकरीतून निघते. बीजवॅक्स किंवा सेरा अल्बा म्हणजे मधमाशांचे मेण. ज्या घरात मध वर्ज्य आहे, तेथे हे ठाऊक असलेले बरे. साधी पेट्रोलियम जेली खनिज तेलापासून बनते.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून खाज सुटते व पापुद्रे निघू लागतात. ते ओढू नयेत; ओढल्यास रंग निघतो व व्रण राहतो. विहिरीत, नदीत वा तलावात पोहणे जखम पूर्ण भरेपर्यंत टाळावे. उन्हापासून जागा जपावी आणि सैल सुती कपडे वापरावेत. पहिले दोन-तीन दिवस किंचित लाली व सूज असते. परंतु लाली पसरत गेली, वेदना वाढल्या, पू आला, ताप चढला किंवा जखमेपासून लाल रेघ वर सरकू लागली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टर गाठावा. मधुमेह असणाऱ्याने तर गोंदवण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आणखी एक गोष्ट तरुणांनी ध्यानी ठेवावी. महावीर जन्मकल्याणकानिमित्त ठिकठिकाणी रक्तदान शिबिरे होतात. भारतातील नियमांनुसार टॅटू काढल्यापासून 12 महिने रक्तदान करता येत नाही. शिबिरात ही गोष्ट लाजेपोटी लपविणे म्हणजे अनोळखी रुग्णास धोक्यात टाकणे होय. घरात वडिलांपाशी जे मोकळेपणाने सांगता येते, ते तेथेही सांगता येते. म्हणून त्या मोकळेपणाचा आरंभ घरातील मोठ्यांनीच करावा: आधी जखम पाहावी, मग रागवावे.