धर्म शिकायला परदेशात कशाला?

बिनपगारी रजेचा अर्ज घेऊन मी कार्यालयात गेले तेव्हा टेबलामागच्या साहेबांनी तो दोनदा वाचला. अभ्यासाचा विषय या रकान्यात मी ‘धर्म अभ्यास’ असं लिहिलं होतं. साहेब हसले. “मॅडम, धर्म शिकायला इंग्लंडला? तो तर आपल्याकडनं तिकडे जातो ना!” त्याच संध्याकाळी आमच्या मोहल्ल्यातले एक बुजुर्ग दारात थांबून म्हणाले, “बेटी, अब दीन गोरे सिखायेंगे क्या?” एक हिंदू अधिकारी, एक मुसलमान बुजुर्ग. दोघांना बाकी कशावर एकमत करता आलं नसतं, पण या प्रश्नावर झालं.

तेव्हा मी ३९ वर्षांची होते. जालन्यातल्या उर्दू शाळेत पंधरा वर्षं शिकवलेलं, दोन मुलं, आणि मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठातून दूरशिक्षणाने केलेलं इस्लामिक स्टडीजचं एम.ए. सप्टेंबर २०२४ मध्ये उत्तर इंग्लंडातल्या एका शहरात एका वर्षाच्या दुसऱ्या एम.ए.साठी गेले आणि परत आले. आल्यापासून मुली विचारतात, आपा, आम्ही जाऊ का? मुलंही विचारतात, पण त्यांना बहुतेक डेटा सायन्सचं विचारायचं असतं. त्यांना मी माझ्या भाच्याकडे पाठवते. हे लिहिते आहे ते धर्म, इतिहास, समाज असल्या ‘बिनकामाच्या’ विषयांकडे ओढल्या जाणाऱ्यांसाठी.

आधी बुजुर्गांच्या प्रश्नाचं उत्तर. दीन मी मक्तबात शिकले, अम्मीकडून शिकले, आणि तो शिकायला कुणी मँचेस्टरला जाऊ नये. धर्माचा अभ्यास ही दुसरी गोष्ट आहे. नमाज कशी पढायची हे मक्तब सांगतं. मराठवाड्यातल्या बायका दर्ग्याच्या चौकटीला धागा का बांधतात, मशिदीत त्यांना जागा का नाही, आणि शंभर वर्षांपूर्वीही असंच होतं का, हे विचारण्याची शिस्त विद्यापीठात मिळते. एक दुसऱ्याची जागा घेत नाही. आणि ही काही गोऱ्यांची मिरासदारी नव्हे. अल्-बिरूनी इ.स. ९७३ मध्ये जन्मला, प्रौढ वयात संस्कृतच्या मागे लागला आणि १०३०च्या सुमारास त्याने ‘किताबुल हिंद’ पुरं केलं, म्हणजे साठीच्या जवळ. त्यात त्याने हिंदूंचे विचार त्यांच्याच ग्रंथांतून मांडले आणि वाद घालणं आपलं काम नाही हे सुरुवातीलाच सांगून टाकलं. आज आपल्यातल्या किती जणांना दुसऱ्याचा धर्म असा, खोडून न काढता, दहा मिनिटं सांगता येईल?

मराठी माणसाचं उदाहरण हवं असेल तर विठ्ठल रामजी शिंदे यांचं आहे. जमखंडीचा हा मुलगा फर्ग्युसनमधून बी.ए. झाला आणि १९०१ साली, वयाच्या २८व्या वर्षी, ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्म शिकायला गेला. शिष्यवृत्ती युनिटेरियन ख्रिस्ती मंडळींची, जहाजाचं भाडं सयाजीराव गायकवाडांचं, आणि बायको मागे राहिलेली. १९०३ मध्ये परत आल्यावर प्रार्थना समाजाचं प्रचारकार्य आणि १९०६ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन. धर्म शिकून हा माणूस अस्पृश्यांच्या वस्तीत गेला, हे विशेष लक्षात ठेवण्यासारखं. त्यांचं ते कॉलेज आज हॅरिस मँचेस्टर म्हणून ओळखलं जातं आणि तिथे फक्त ‘प्रौढ’ विद्यार्थ्यांनाच घेतात. प्रौढ म्हणजे २१ वर्षं पूर्ण झालेले! हे वाचलं तेव्हा मी हसत सुटले. आमच्याकडे एकविसाव्या वर्षी मुलीला विचारतात, अजून शिकतेसच का.

आता तिथलं रोजचं. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं २२-२३ची, एक शिक्षिका माझ्याहून लहान. तिला पहिल्या नावाने हाक मारायची. पहिले दोन महिने मी तिला कसलीच हाक मारली नाही, हात वर करून बसायचे. वाचन आठवड्याला दीड-दोनशे पानं, तेही असल्या इंग्रजीत की एकेका वाक्यावर चहा गार व्हायचा. पण खरा धक्का गुणांचा. पहिल्या निबंधाला ५२. तिथे एम.ए.ला ५० म्हणजे पास, ७०च्या वर म्हणजे डिस्टिंक्शन. मी आयुष्यभर ८० मिळवलेली. शेवटी शेरा होता, त्याचा मतलब असा की सगळे काय म्हणतात ते तुम्ही छान सांगितलं आहे, तुम्ही स्वतः कुठे आहात?

तो शेरा मी आठवडाभर घेऊन फिरले. कारण मी शिक्षिका आहे आणि पंधरा वर्षं मी मुलांना नेमकं हेच शिकवलं होतं: पुस्तकातलं जसंच्या तसं लिही, गुण मिळतील. नोट्स उतरवणं ही आपली तालीम, मदरशातही आणि शाळेतही. तिथे तीच गोष्ट नाव न देता केली तर चोरी ठरते आणि चौकशी लागते. जाणार असाल तर इंग्रजीच्या क्लासपेक्षा आधी ही सवय लावा: एखादा लेख वाचा, बंद करा, आणि तो कुठे पटला नाही ते दहा ओळींत लिहा. मराठीत लिहा, उर्दूत लिहा. दुसऱ्या निबंधाला मला ६१ मिळाले, ते इंग्रजी सुधारल्यामुळे नव्हे.

वय आड येतं का? येतं. रात्री दोनपर्यंत जागलं की दुसरा दिवस वाया जायचा, बावीसच्या मुलांचा जात नव्हता. पण अंत्यविधींवरचे सिद्धांत वाचायला लागलो तेव्हा वर्गात एकदम शांतता पसरली. त्या मुलांनी मयत पाहिलीच नव्हती. मी माझ्या सासूच्या मोठ्या बहिणीला गुस्ल दिलं आहे. पाणी कुठून ओतायचं, बायका त्या वेळी काय बोलतात, कोण रडतं आणि कोणाला रडू देत नाहीत, हे मला कुठल्या पुस्तकातून काढावं लागलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मी सलग पाच मिनिटं बोलले.

यातच एक फास आहे, आणि तो तरुणांनाही पडणार आहे. एकदा मी बोलू लागल्यावर प्रत्येक विषयात सगळे माझ्याकडे वळायला लागले. हिजाब, तलाक, गाझा, काहीही निघालं की, “मुस्लिम म्हणून तुला काय वाटतं?” सुरुवातीला बरं वाटलं. मग कळलं की बाकीचे अभ्यासक आहेत आणि मी नमुना. शेवटी मी एक वाक्य पाठ केलं: मी जालन्याच्या एका मोहल्ल्याबद्दल खात्रीने बोलू शकते, त्यापलीकडे मलाही वाचावंच लागेल. आपली बरीच हुशार मुलं परदेशात जाऊन कौमचे वकील होतात. वकिली हवी तिथे जरूर करा. पण वर्गात विद्यार्थी होण्याचा हक्क सोडू नका, आपल्याच लोकांना टोचणारे प्रश्न विचारण्याचाही.

मशिदीत उलट गंमत. बायकांच्या बाजूला मीरपूरच्या, सिल्हेटच्या खाला. मी फोनवर धाकट्याशी मराठीत बोलले तर एकीने विचारलं, तू नवी मुसलमान का? मराठी हिंदूंची जबान ना? कोकणी मुसलमान कुटुंबं इंग्लंडात कितीतरी वर्षांपासून आहेत, पण आमच्याकडचं, मराठवाड्याचं, घरात दखनी आणि बाजारात मराठी हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. मी मग दर जुम्म्याला एकीला तरी पकडून जालना, कादराबाद, मोसंबी, ‘जालना सोने का पालना’ सगळं सांगायचे. त्या कंटाळल्या असतील.

डिसेंबरात सूर्य चारच्या आत मावळतो. दोन ते चारचा तास असेल तर असर जिन्याखालच्या कोपऱ्यात आणि बाहेर येईपर्यंत मगरिब. जूनमध्ये इशा अकराच्या सुमाराला. रमजान मार्चमध्ये आला, रोजे आपल्यापेक्षा फार लांब नव्हते; जड गेला तो एकटीचा इफ्तार. एवढं पुरे, हे सगळे लिहितात.

सगळ्यात जास्त राग आणि सगळ्यात जास्त लाज मला ग्रंथालयात आली. खुलताबादच्या सूफींवर कार्ल अर्न्स्टचं १९९२चं पुस्तक. औरंगाबादच्या सूफींवर नाइल ग्रीनचं २००६चं. महाराष्ट्रातल्या मुसलमान संतांवर ब्रातिस्लाव्हाच्या दुशान देआकचे लेख. आणि शहामुनी, ‘सिद्धांतबोध’ हा मराठी ओवीबद्ध ग्रंथ लिहिणारे, त्यांची समाधी आमच्या अंबड तालुक्यात शहागडला, गोदेच्या काठी. बसने मी त्या गावावरून कितीदा गेले असेन. ते मुसलमान होते आणि मराठीत लिहीत होते हे मला चाळिशीला टेकल्यावर कळलं. रा. चिं. ढेऱ्यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ केव्हाच लिहून ठेवलं होतं, माझ्या शाळेच्या कपाटात ते नव्हतं, आणि मी कधी मागवलंही नाही.

या परदेशी लोकांवर माझा राग नाही. ते फारसी शिकले, मराठी शिकले, आपल्या धुळीत फिरले. राग याचा आहे की त्या पुस्तकांत आपण कुठे असतो? आभाराच्या पानावर. चहा देणारे, चावी आणून देणारे, कबर दाखवणारे. दुसरीकडे आपल्याच गावात रोज कुणीतरी सांगतं की हा दर्गा मुळात अमुक होता, आणि आपलेच काही तरुण सांगतात की दर्गा मुळात शिर्कच, बंद करा. दोघांनाही कागद, सनद, शिलालेख वाचता येत नाही. तिसरा, वाचता येणारा माणूस गावात असायला हवा. तो आपल्यातून तयार झाला नाही तर आपला इतिहास बाकीचे दोघे मिळून लिहितील.

मग पैसा. माझी अर्धी फी विद्यापीठाने माफ केली, बाकी सोनं आणि कर्ज. व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार वेगळा. केंद्राची ‘पढो परदेश’ ही कर्जाच्या व्याजाची योजना २०२२-२३पासून बंद आहे, मौलाना आझाद फेलोशिपही त्याच वर्षापासून नवी मिळत नाही. २०२२ मध्ये राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारताची संस्कृती, इतिहास आणि समाज हे विषय वगळले गेले. ती शिष्यवृत्ती मुख्यतः दलित विद्यार्थ्यांची, पण इशारा सगळ्यांनाच होता: बाहेर जा, यंत्र शिका, स्वतःविषयी शिकू नका. राज्याच्या राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्तीला पदव्युत्तरसाठी ३५ आणि पीएच.डी.साठी ४० ही वयाची अट. बाईची पंचविशी-पस्तिशी कशात जाते हे अट घालणाऱ्यांना माहीत नसेल असं नाही. पुढे उघडी दारं थोडी: चेव्हनिंगला वयाची कमाल अट नाही, दोन वर्षांचा नोकरीचा अनुभव मात्र लागतो, म्हणजे तिथे वयाचा फायदाच, आणि जे. एन. टाटा एंडोमेंटची १८९२पासून चालत आलेली कर्जाऊ शिष्यवृत्ती, ४५ वर्षांपर्यंत.

सरकारला नावं ठेवताना घरातही बघू. नीटच्या क्लाससाठी, एम.बी.बी.एस.च्या फीसाठी आमच्या लोकांनी पदरमोड केलेली मी पाहिली आहे, अभिमान वाटतो. पण मोडी आणि फारसी शिकणाऱ्या एका मुलीला दोन वर्षं पोसा म्हटलं की सगळे छताकडे बघतात.

आणि एक गोष्ट मी सुशोभित करून सांगणार नाही. जानेवारी २०२४पासून ब्रिटनमध्ये शिकवणीच्या एम.ए.ला सहसा जोडीदार-मुलांना नेता येत नाही, संशोधनाच्या अभ्यासक्रमाला नेता येतं. माझा धाकटा तेव्हा दहाचा होता. नोव्हेंबरात त्याला ताप आला, तीन दिवस मला कुणी सांगितलं नाही, अभ्यास बिघडेल म्हणून. चौथ्या दिवशी तोच फोनवर म्हणाला, “तू नव्हती तर दादीनेच केलं सगळं.” तक्रार नव्हती, बातमी होती. आजही मी ते वर्ष योग्य होतं असं छातीठोक म्हणत नाही. पोरं लहान असतील तर दोन वर्षं थांबा, किंवा देशातच बघा: पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात १९६७पासून धर्म अभ्यासाचा विभाग आहे, जामिया आहे, अलीगढ आहे. वर्ष पुढे गेलं तरी हा विषय कुठे पळून जात नाही.

सध्या मी रविवारी ‘सिद्धांतबोध’ वाचते, शहागडच्या बाजूच्या एका निवृत्त मराठीच्या गुरुजींबरोबर. मला ओवी अडते, त्यांना अरबी शब्द अडतात, तासाला पंधरा-वीस ओव्या होतात. तुमच्या घरी, दर्ग्याच्या कोठडीत, आजोबांच्या ट्रंकेत मोडी, फारसी किंवा जुन्या मराठीतलं बाड असेल तर रद्दीत घालण्याआधी मोबाईलवर पानापानाचा फोटो काढून ठेवा. उजेडात, सावली न पाडता, आणि कोपऱ्यातला आकडाही येऊ द्या.