मावशी ते सिस्टर

गेल्या आठवड्याच्या टपालात वहीच्या पानावर दोन्ही बाजूंनी लिहिलेलं एक पत्र होतं. लिहिणारी मुलगी २२ वर्षांची, एका तालुक्याच्या गावची. बारावी कला शाखेतून झाली, त्याच वर्षी वडिलांचं काम सुटलं, म्हणून ती गावातल्या नर्सिंग होममध्ये मदतनीस म्हणून लागली. चादरी बदलणं, बेडपॅन देणं, पेशंटला धरून बाथरूमला नेणं अशी कामं. आता दोन वर्षं झाली. ती लिहिते, 'ताई, डॉक्टरांनी मला पांढरा ड्रेस दिला आहे. इंजेक्शन, सलाईन सगळं येतं. पेशंट मला सिस्टर म्हणतात. मला रीतसर नर्स व्हायचं आहे. पण डॉक्टर म्हणतात, सगळं येतंय तर तीन वर्षं कशाला घालवतेस, पगार वाढवून देतो. आत्या म्हणते, लोकांची घाण काढायला शिक्षण कशाला लागतं? मी काय करू?'

पत्र वाचलं आणि वाटलं, हे मीच लिहिलेलं आहे, फक्त साल वेगळं. १९८६ मध्ये मीही अशाच एका दवाखान्यात मावशींच्या हाताखाली लागले होते. तेव्हा काचेच्या सिरिंज आणि सुया उकळून वापरत. सकाळी सातला स्टरिलायझर लावायचा, हे माझं पहिलं काम. मग खाटा. पेशंट खाटेवर असतानाच चादर कशी बदलायची, खालचं रबरी मॅकिंटॉश सुरकुती न पडता कसं घालायचं, हे मला त्या मावशींनी शिकवलं. त्यांना अक्षरओळख नव्हती. पण 'चादरीची आजची सुरकुती म्हणजे म्हातारीच्या पाठीवरची उद्याची जखम,' असं त्या म्हणायच्या, आणि ते खरं होतं.

अर्धांगवायू झालेल्या एका आजींना आम्ही दर दोन तासांनी कूस बदलून द्यायचो. माकडहाडावर लाली दिसली आणि बोटाने दाबून सोडल्यावरही ती गेली नाही, तर जखमेची सुरुवात झाली असं समजायचं. भरवताना मागे उशा लावून बसवायचं. ग्लानीतल्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनळीत जाऊ शकतं. लघवी टाकण्यापूर्वी मोजायची, तिचा रंग बघायचा, तक्त्यात लिहायचं. आत्याला हे जरूर सांग. ती ज्याला घाण म्हणते त्याच्या मोजमापावरून डॉक्टर सलाईन किती द्यायचं ते ठरवतात. रुग्णसेवा हे मोलकरणीचं काम, असा समज एके काळी इंग्लंडातही होता. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा निघाली ती हे काम शिकण्याचं आहे म्हणूनच.

दोन वर्षांनी मी प्रशिक्षणाला गेले तेव्हा या कामाचा मोठा फायदा झाला. आमच्या तुकडीतल्या दोन मुली पहिल्या तीन महिन्यांत घरी परतल्या. दोघी माझ्याहून हुशार, पण वॉर्डात पहिल्यांदा उलटीचं भांडं उचलायची वेळ आली आणि त्यांचा धीर सुटला. माझी ती परीक्षा आधीच होऊन गेली होती. म्हणून नर्सिंगला जाऊ पाहणाऱ्या मुलींना मी नेहमी सांगते, जमलं तर आधी काही महिने मदतनीस म्हणून काम करून बघा. आपल्याला रात्रपाळी सोसते का, आजारी माणसाचा चिडका शब्द मनाला किती लागतो, मृत्यू जवळून पाहता येतो का, हे फी भरण्याआधीच कळतं.

ही झाली एक बाजू. आता दुसरी सांगते. ती सांगायला मला आजही जड जातं.

माझ्या त्या दवाखान्यात कंपाउंडरने मला इंजेक्शन द्यायला शिकवलं. दहा मिनिटांत शिकले. हात हलका होता, पेशंट खूश असायचे, आणि मलाही सिस्टर म्हटलं की बरं वाटायचं. १९८७ च्या पावसाळ्यात एका शेतकऱ्याला पेनिसिलीन द्यायला मला सांगितलं. पूर्वी कुठल्या औषधाची रिअ‍ॅक्शन आली होती का, हे विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. मी सुई टोचली. थोड्याच वेळात तो अंग खाजवायला लागला, मग म्हणाला, 'बाई, गळ्यात काहीतरी अडकलंय.' मला वाटलं, घाबरला असेल. मी पाणी आणायला गेले! परत आले तर त्याचे ओठ सुजलेले, अंगाला दरदरून घाम. डॉक्टर वरच्या मजल्यावरच राहत होते म्हणून तो वाचला. त्यांनी धावत येऊन अ‍ॅड्रेनॅलिन दिलं. डॉक्टर त्या दिवशी गावाला गेले असते तर?

मला कोणी रागावलं नाही. पेशंटच्या बायकोने तर जाताना माझ्या हातावर शेंगदाण्याची पुरचुंडी ठेवली. ती घेताना मला फार शरम वाटली. सुई टोचणं दहा मिनिटांत येतं. पण टोचण्याआधी काय विचारायचं, टोचल्यावर काय बघायचं आणि बिघडलं तर पहिल्या मिनिटात काय करायचं, हे शिकायला वर्षं लागतात. डॉक्टर ज्याला वेळ घालवणं म्हणतात तो वेळ नेमका यासाठी असतो.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. शिकायला जा. आणि जाईपर्यंत इंजेक्शन देणं आजपासून बंद कर. भांडायची गरज नाही. 'डॉक्टर, मी पेशंटला धरते, सुई तुम्ही द्या,' असं शांतपणे म्हण. काही बरंवाईट झालं तर पहिला प्रश्न 'ही बाई कोण?' असाच विचारला जाईल, आणि पांढरा ड्रेस तुझ्या बाजूने साक्ष देणार नाही.

आता वाटा कोणत्या ते बघू. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. बारावी कोणत्याही शाखेतून झालेली चालते. यातून पुढे उपकेंद्रात आरोग्यसेविका होता येतं. जीएनएमचा तीन वर्षांचा. त्याला विज्ञान शाखेला पसंती असली तरी कला शाखेची मुलगीही पात्र असते. बारावीला ४० टक्के गुण हवेत आणि इंग्रजीत उत्तीर्ण असावं लागतं. हा पूर्ण झाला की रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून काम करता येतं. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, पण त्याला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागतं, म्हणून ते तुला थेट मिळणार नाही. त्याने खट्टू होऊ नकोस. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून तिथेही पोचता येतं. वयाची अट परिषदेच्या नियमांत १७ ते ३५ अशी आहे, तेव्हा तुझ्या हातात वेळ आहे. मात्र या क्षेत्रासाठी संसदेने २०२३ मध्ये नवा कायदा केला आहे आणि प्रवेशाचे नियम बदलत असतात. ज्या वर्षी अर्ज करशील त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाच.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव. 'सहा महिन्यांत नर्स व्हा' अशा पाट्या गावोगावी दिसतात. मदतनीसाचे छोटे अभ्यासक्रम वाईट नसतात, जनरल ड्यूटी असिस्टंटचं प्रशिक्षण घेऊन चांगलं काम करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. पण त्यातून नर्स होता येत नाही. राज्याच्या परिचर्या परिषदेत नाव नोंदलं गेलं तरच नर्स. फी भरण्याआधी त्या शाळेला परिषदेची मान्यता आहे का, हे स्वतः परिषदेकडून तपासून घे. सरकारी रुग्णालयांच्या शाळांत फी कमी असते, आधी तिथे अर्ज कर. शिष्यवृत्तीची चौकशी समाजकल्याण कार्यालयात होते. पैशांची सोय होईपर्यंत नोकरी सोडू नकोस, पगारातला थोडा भाग मात्र दर महिन्याला आईच्याही हाती न देता पोस्टात टाक.

आणि काम करतेस तोवर स्वतःला जप. कावीळ ब ची लस घेतली नसशील तर घे, तिचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात. वापरलेल्या सुईला हाताने टोपण लावू नकोस. सुया पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, ही सवय आत्तापासून लाव. पुढे हेच परीक्षेत विचारतील.

वाचक मैत्रिणींनो, या पत्रात तुमच्यासाठीही काही आहे. घरचं माणूस दवाखान्यात असेल तेव्हा सुई घेऊन आलेल्या मुलीला 'तुमचं शिक्षण कुठे झालं?' असं विचारायला संकोचू नका. नीट शिकलेली नर्स रागावत नाही, अभिमानाने सांगते. आणि बेडपॅन घेऊन येणाऱ्या मावशींना नावाने हाक मारा. आपल्या माणसाच्या पाठीवरची लाली सगळ्यांत आधी त्यांनाच दिसणार असते.

माझ्या मावशी आता नाहीत. प्रशिक्षणाला निघाले तेव्हा त्यांनी माझ्या पिशवीत एक जुनी, मऊ झालेली सुती चादर घातली होती. म्हणाल्या, 'तिकडं मोठं पुस्तक शिकवतील. पण खाट अशीच घाल.' पुढची तीसेक वर्षं मी खाट तशीच घातली. अगं पोरी, तुलाही ती येतेच आहे. उरलेलं शिकून ये, आणि प्रवेश मिळाला की मला पत्र टाक.