टांगती झोळी आणि पाठीची ऊब

या महिन्याच्या टपालांत एका भगिनीचें पत्र आलें आहे. तें वाचल्यावर ठरविलेला विषय बाजूस ठेवावा असें वाटलें. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेंत व्हर्जिनिया राज्यांत राहतात. यंदाच्या उन्हाळ्यांत आईवडिलांस बोलावून दोन रात्री डोंगरांत पायीं हिंडावयाचें, आणि तंबूऐवजीं दोन झाडांच्या मध्यें बांधलेल्या झोळींत, म्हणजे हॅमकमध्यें, निजावयाचें असा त्यांनीं बेत केला आहे. ‘उन्हाळाच तर आहे, एक चादर पुरे’ असें चिरंजीवांचें मत. पण यजमानांचें वय चौसष्ट. त्यांची कंबर गारठ्यानें धरते. आणि मुलापुढें ‘मला झेपणार नाहीं’ असें म्हणणें त्यांच्या स्वभावांत नाहीं. ‘यांना थांबवूं कीं जाऊं देऊं?’ असा त्या भगिनींचा प्रश्न आहे.

आमचें उत्तर असें कीं, त्यांस अवश्य जाऊं द्या आणि आपणहि जा. मात्र चादरीच्या भरंवशावर जाऊं नका. हें आम्ही अनुभवानें सांगत आहों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही त्याच प्रांतांत पुतण्याकडे गेलों असतां शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानांत एक रात्र अशाच झोळींत काढली. १९३५ सालीं स्थापन झालेलें हें उद्यान ब्लू रिज पर्वताच्या माथ्यावर लांबवर पसरलें आहे. जॉर्जियापासून मेनपर्यंत सुमारें २,२०० मैल जाणारी प्रसिद्ध अ‍ॅपलाचियन पायवाट त्यांतूनच जाते. महिना जूनचा होता व दिवसा सदरा घामानें भिजला होता. त्यामुळें घरून नेलेली सोलापुरी चादर पांघरून आम्ही निश्चिंतपणें पडलों. रात्रीं दोनच्या सुमारास जाग आली ती थंडीनें. छाती उबदार, पण पाठ मात्र ओढ्याच्या पाण्यांत ठेवल्यासारखी! पुतण्यानें आपली जाड झोपपिशवी काढून दिली. तिच्यांत शिरलों, तरी पाठ गारच. अखेर खालीं उतरून एका ओंडक्यावर बसून उजाडण्याची वाट पाहिली. दुसऱ्या दिवशीं दोन मैल चालणेंहि जड गेलें आणि आमच्यापायीं सर्वांचा बेत मोडला. थंडीपेक्षां तीच गोष्ट मनाला अधिक लागली.

असें कां झालें, तें मागाहून समजलें. ऊब ही कापसांत किंवा पिसांत नसते. त्यांच्यामध्यें अडकून राहिलेल्या स्थिर हवेंत असते. आपण झोपपिशवींत निजलों कीं अंगाच्या भारानें पाठीखालचा थर चेपला जातो, हवा निघून जाते आणि जाड पिशवीची तेथें पातळ चादर होते. जमिनीवर निजणाऱ्यास खालून निदान वारा तरी लागत नाहीं. झोळीच्या तलम कापडाखालून मात्र वारा रात्रभर वाहतो आणि अंगाची ऊब घेऊन जातो. आपल्या आज्या बाळाच्या झोळींत आधीं गोधडीची घडी घालीत आणि मग बाळास निजवीत, हें येथें आठवतें. बाळ हलकें आणि झोळी घरांत, म्हणून तेवढी घडी पुरे. दीडशे पौंडांच्या गृहस्थाखालीं तीच घडी चपटी होऊन जाईल.

आतां थंडी किती असेल, तें पाहूं. निर्णय दिवसाच्या उन्हावरून न करतां पहांटेच्या पाऱ्यावरून करावा. दर हजार फूट उंचीस हवा सुमारें साडेतीन अंश फॅरनहाइटनें थंड होते. शेनान्डोआंतील हॉक्सबिल शिखर ४,०५१ फूट उंच आहे. तेथील माथ्यावर खालच्या दरीपेक्षां सुमारें १० अंश थंडी अधिक असते. ऐन उन्हाळ्यांतहि पहांटे पारा ५० ते ६० अंशांच्या दरम्यान, म्हणजे सेल्सियस १० ते १५ वर, पुष्कळदां उतरतो. आणि झोळींत निजण्याची संवय असणाऱ्या मंडळींचा ठोकताळा असा कीं, ७० अंशांच्या खालीं (सेल्सियस २१) पाठीखालीं कांहींतरी हवेंच.

त्यासाठीं दोन उपाय आहेत. पहिला स्वस्त : गिर्यारोहक जिला कॅरीमॅट म्हणतात ती फोमची चटई झोळींत घालणें. हिच्यांतील हवा बंद कप्प्यांत असल्यामुळें ती भारानें फारशी चेपत नाहीं. दोष इतकेच कीं, कूस बदलतांना ती सरकते, खांदे तिच्याबाहेर राहून गारठतात आणि पाठीस घाम येतो. दोन कापडांची झोळी मिळाल्यास चटई त्यांच्यामध्यें सरकवावी. ती जागा सोडीत नाहीं.

दुसरा उपाय झोळीखालची रजई. ही झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगास टांगतात. त्यामुळें तिच्यावर भार पडत नाहीं व तिची फुगवट कायम राहते. ती झोळीस नुसती लागून असावी. सैल राहिली तर फटींतून वारा शिरतो. ताणून बांधली तर ती चेपते. उन्हाळ्यास खांद्यापासून गुडघ्यापर्यंतची आंखूड रजई पुरते. पायांखालीं चटईचा तुकडा घालावा. हिच्यांत बदकाचीं मऊ पिसें किंवा कृत्रिम तंतू भरलेले असतात. पिसें हलकीं, पण महाग, आणि भिजलीं कीं निरुपयोगी. तंतूंची रजई थोडी जड, परंतु ओलींतहि बरीच ऊब राखते. तिकडे उन्हाळ्यांत पावसाच्या सरी येतात, आणि पिसांविषयीं ज्यांच्या मनास संकोच वाटतो अशीं घरेंहि आपल्यांत आहेत. तेव्हां तंतूंचीच घ्यावी. रजईवर छापलेला अंश हा बहुधा कशीबशी रात्र निभावण्याचा असतो, सुखाच्या झोपेचा नव्हे. म्हणून ५० अंशांच्या रात्रीस ४० अंशांची रजई निवडावी.

दोन रात्रींसाठीं एवढा खर्च कशाला, अशी शंका येईल. आमचा सल्ला असा : यजमानांसाठीं रजई, तरुणांसाठीं चटई. वरून पांघरावयास हलकी रजई पुरे. तेथें पैसे वांचवावे. डोक्यास लोकरी टोपी, पायांत कोरडे लोकरी मोजे असावे, आणि दिवसभराचे घामट सुती कपडे निजण्यापूर्वीं बदलावे. झोळींत मधोमध न निजतां थोडें तिरपें निजावें. पाठ सरळ राहून कंबरेस आराम पडतो.

शेवटीं, यजमानांच्या स्वभावाविषयीं. त्यांस ‘झेपेल का?’ असें विचारूं नका. ‘नाहीं’ असें उत्तर येणारच नाहीं. प्रवासापूर्वीं एक रात्र मुलाच्या घरामागील झाडांना झोळ्या बांधून सर्वांनींच तेथें निजावें. कंबर कुरकुरली तर घर दहा पावलांवर आहे, आणि मध्यरात्रीं घरांत गेल्याबद्दल कोणी कोणास विचारणार नाहीं. तेथें झोप लागली तर डोंगरांतहि लागेल. आपल्याकडे अंथरूण पाहून पाय पसरावे असें म्हणतात. झोळींत निजणाऱ्यानें पांघरुणाआधीं अंथरूण पाहावें, एवढेंच आम्ही त्यास जोडतों. चिरंजीवांनीं वडिलांसाठीं एक झोळी घेतलीच आहे; तिच्याखालीं एक रजई टांगण्यास ते नाहीं म्हणतील असें आम्हांस वाटत नाहीं.