बुट्टीला कला कोण म्हणणार?



कोल्हापूरला लोक कलापूर म्हणतात. ते खोटं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी चित्रकारांना, गाणाऱ्यांना, नाटकवाल्यांना, मल्लांना आसरा दिला. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर इथलेच. शहरात त्यांचं नाव आदरानं घेतात, घ्यायलाच पाहिजे. पण त्याच जिल्ह्यात राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीच्या डोंगरात कुणी बुट्टी विणतं, कुणी इरलं बांधतं, कुणी कुडाची भिंत लिंपतं, कुणी वाकळ शिवतं. त्याला कला कुणी म्हणत नाही. त्याला काम म्हणतात, आणि कामाखाली कुणाची सही नसते.

बैठकीत काही जण म्हणाले, दावे पडून आहेत आणि तुम्ही कलेचं काय घेऊन बसलाय? म्हणून सरळच लिहितो. हा जमिनीचाच आणि रानाचाच प्रश्न आहे.

जून २०२५ ची गोष्ट बघा. इटलीतल्या मिलान शहरात प्राडा नावाच्या बड्या कंपनीनं कोल्हापुरीसारखीच चप्पल दाखवली. आधी कोल्हापूरचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. इकडं ओरड झाली, तेव्हा कंपनीनं मान्य केलं की ही चप्पल भारतातल्या हातकामावरून सुचली. खरं तर कोल्हापुरी चपलेला २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळालंय. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. चप्पल तीच. शेतावर घालून गेलं तर पायताण, आणि मिलानला चालली की कला. मधे बदलला तो फक्त बघणारा.

ओरड झाली ते बरंच झालं. चर्मकार कारागिरांचं नाव जगात गेलं. पण एक नाव तरीही राहिलंच. जुन्या रीतीनं कातडं कमावतात ते बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात. हिरडा रानातून येतो. तो कधी वेचायचा, कसा वाळवायचा, हे वेचणाऱ्या बाईला ठाऊक असतं. चपलेची गोष्ट सांगताना ती बाई आणि ते रान दोन्ही गळून पडतात. आपल्या बाबतीत लई वेळा असंच होतं. वस्तूचं कौतुक होतं आणि रान बाजूला राहतं.

डहाणूकडची वारली चित्रं घ्या. लग्नाच्या वेळी सवाशिणी तांदळाच्या पिठानं भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी यांनी तिथं कागद नेला. जिव्या सोमा मशे यांनी त्यावर चित्रं काढली. १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ ला पद्मश्री मिळाली. जिव्यादादांचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. पण पिढ्यान् पिढ्या भिंतीवर लिहिणाऱ्या बायकांना चित्रकार कुणी म्हटलं नव्हतं. त्यासाठी कागद यावा लागला, आणि तोही आधी पुरुषाच्या हातात. आज तीच चित्रं पिशवीवर, कपावर, हॉटेलच्या भिंतीवर छापलेली दिसतात.

मग आपण काय म्हणायचं? आपली काही तरुण पोरं म्हणतात, आदिवासीचं सगळंच कला. हे मला पटत नाही. आपल्यात पारख आहे. आज्जी बुट्टी हातात घेते, उलटी करते, बुडावर अंगठा दाबते आणि न बोलता बाजूला ठेवून देते. झाला निकाल. कुणाचं इरलं गळत नाही, कुणाची बुट्टी दोन पावसाळे काढते, हे सगळ्या वाडीला माहीत असतं. त्यासाठी शहरातला परीक्षक लागत नाही.

आमच्या मते तीन गोष्टी बघाव्यात. त्या कामाला जाणतेपण लागलं का? गरजेपुरतं झाल्यावरही करणाऱ्यानं त्यात थोडा जास्त जीव घातला का? बुट्टीच्या काठावरच्या नक्षीत धान्य मावत नाही, तरी ती कुणीतरी घालतंच. आणि तिसरं, ते काम कुणी कुणाला शिकवलं का? या तिन्हीला हो असेल तर ती कला. मग ती चुलीजवळ असो की काचेच्या कपाटात.

आता जाणतेपण म्हणजे काय ते बघा. मेस कोवळी तोडली तर कीड लागते. फार जून झाली तर तिच्या बारीक पट्ट्या निघत नाहीत. कुठल्या उतारावरची घ्यायची, कुठल्या बेटातल्या किती काठ्या ठेवायच्या, हे चालत चालत शिकायचं असतं. रानाची वाट बंद झाली की ही शाळा बंद. मग बुट्टी कपाटात राहील, पण विणणारं कुणी राहणार नाही.

बांबूचंच बघा. १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडात धरला होता. २००६ च्या वनहक्क कायद्यानं तो गौण वनोपजात आणला. तरी गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला सामूहिक हक्क २००९ ला मिळाल्यावर बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हातात यायला एप्रिल २०११ उजाडला. कायदा आला म्हणून काठी घरात येत नाही, मागे लागावं लागतं.

त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये पारंपरिक ज्ञानावर आणि बौद्धिक संपदेवर समाजाचा सामूहिक हक्क सांगितलाय. सामूहिक दाव्याच्या नमुन्यात त्याचा रकाना आहे. मी हाताळलेल्या दाव्यांत तो रिकामाच सोडलेला होता. राधानगरीचं अभयारण्य २०१२ ला जागतिक नैसर्गिक वारशात गेलं. त्या रानातल्या माणसाच्या हातातला वारसा नोंदवायचं काम आपल्यालाच करावं लागेल.

म्हणून ग्रामसभेत बसून यादी करा. कुठली वस्तू, ती कशापासून होते, तो माल रानातल्या कुठल्या जागेतून, कुठल्या महिन्यात येतो आणि ती कोण करतं. बाई करत असेल तर बाईचंच नाव लिहा, घरधन्याचं नको. म्हाताऱ्या माणसांचा जबाब लिहून घ्या. नियम १३ प्रमाणे वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा धरतात. देवराई, देवाचं झाड, जुनी विहीर हेही त्यात येतं. नुसत्या यादीवर दावा उभा राहणार नाही, एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. पण आदिवासी नसलेल्या आपल्या गवळी धनगर भावांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं दाखवावी लागतात. आज्यानं कुठल्या रानातली काठी आणली, हे त्यांच्या कामाला येईल.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ताडपत्री आणि प्लॅस्टिकची बादली घरोघर आली, त्यात लाज वाटायचं कारण नाही. इरलं जड असतं. संस्कृती टिकायला पाहिजे म्हणून इरलंच घे, असं कुठल्या पोरीला सांगू नका. पुढाऱ्याच्या स्वागताला आपल्याला नाचवणारे तसं सांगतात. करायचं की सोडायचं हे तिनं ठरवावं. पण करायचं ठरवलं तर रानाची वाट उघडी असली पाहिजे. एवढ्यासाठी आपली लढाई आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येक वाडीनं एक वस्तू आणि ती करणारं माणूस सोबत आणावं. प्रदर्शन भरवायचं नाही. त्या माणसाकडून दाव्याचा रकाना भरून घ्यायचाय.

जिंदाबाद!