वाडा शेतकऱ्याचा, पक्षी कोणाचा?

२०२५ च्या स्वातंत्र्यदिनी कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने शहरातील मांसविक्री चोवीस तास बंद ठेवण्याचा हुकूम काढला आणि त्यावरून महाराष्ट्रभर वादंग माजले. लोकांनी काय खावे हे आयुक्तांनी ठरवावे काय, असा सवाल विरोधकांनी केला. १९८८ पासून असा हुकूम निघतच आला आहे, असा खुलासा प्रशासनाने केला. खाणाऱ्याचे स्वातंत्र्य, खाटिकाचा धंदा, कोणाकोणाच्या भावना, या साऱ्यांचा ऊहापोह झाला. परंतु जो पक्षी त्या दुकानात येऊन पोहोचतो तो कोणाच्या वाड्यात वाढतो, त्या वाड्याचे कर्ज कोणाच्या सातबाऱ्यावर चढलेले असते, आणि रोग आला अथवा भाव पडला तर खोट कोणाच्या पदरी येते, हा प्रश्न कोणीही उपस्थित केला नाही. एका दिवसाच्या बंदीने कोणी कुक्कुटपालक देशोधडीला लागत नाही, हे खरे. तो देशोधडीला लागतो तो वेगळ्याच कारणांनी, आणि त्या कारणांची चर्चा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होत नाही.

२०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या अठरा लाखांवर व कल्याण-डोंबिवलीची बारा लाखांवर होती. त्यानंतर ती किती फुगली हे सकाळच्या लोकलमध्ये लोंबकळणाऱ्यास सांगावे लागत नाही. या प्रचंड बाजारपेठेच्या पाठीशी शहापूर, मुरबाड, कल्याण, अंबरनाथ या तालुक्यांतील खेडी आहेत. भाताच्या एका पिकावर आठ महिने निघत नाहीत म्हणून तेथील शेतकऱ्याने ब्रॉयलर कोंबड्यांची शेड उभारली. पाच हजार पक्ष्यांसाठी पाच ते सहा हजार चौरस फुटांची जागा लागते. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी लागते, म्हणजे ऊन आत शिरत नाही. गुडघाभर भिंत, तिच्यावर जाळी, जाळीला गोणपाटाचे पडदे, वर पत्रे. आणि कोकणच्या पावसात वळचण लांब काढली नाही तर पहिल्याच झडीत जमिनीवरची तुसाची गादी भिजते, अमोनियाचा दर्प सुटतो आणि पक्षी धापा टाकू लागतात. ही गादी रोजच्या रोज हलवावी लागते. पहिल्या आठवड्यात पिलांना ऊब देण्यासाठी रात्रभर दिवे पेटते ठेवावे लागतात. वैशाखात तेच पक्षी उष्म्याने पटापट मरू नयेत म्हणून पत्र्यांवर पाणी मारावे लागते, आणि हे पाणी बहुधा टँकरने विकत आणलेले असते. भातसा, तानसा, वैतरणा यांचे पाणी ज्या तालुक्याच्या उशापायथ्यावरून मुंबईस जाते, त्याच शहापूर तालुक्याची ही कथा आहे.

एवढा सारा खटाटोप करणारा मनुष्य त्या पक्ष्यांचा मालक असेल, असे शहरातील वाचकास वाटेल. तसे नाही. एक दिवसाचे पिलू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, लस व औषध कंपनीचे, आणि पस्तीस-चाळीस दिवसांनी दोन-सव्वादोन किलोचा झालेला पक्षी उचलून नेणारा ट्रकही कंपनीने धाडलेला. शेतकऱ्याची ती काय जमीन, शेड, वीज, पाणी, तूस आणि श्रम. त्याबद्दल त्यास जिवंत वजनाच्या किलोमागे काही रुपये संगोपन शुल्क मिळते. पिलू, खाद्य आणि औषध यांचा खर्च कंपनीने ठरविलेल्या प्रमाणाबाहेर गेला की शुल्कास कात्री लागते. पिलू मुळातच अशक्त आले होते की काय, खाद्य कसाचे होते की नाही, याचा निवाडा करणारा सुपरवायझर कंपनीचाच असतो. वाडीचा मालक आणि खंडकरी यांचे नाते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या व्यवहाराची ओळख पटण्यास वेळ लागू नये. फरक इतकाच की येथे जमीन असलेला मनुष्य आपल्याच जमिनीवर खंडकरी झाला आहे, आणि घर बांधण्याचा खर्चही त्यानेच केला आहे.

त्याच्याही खाली आणखी एक पायरी आहे. शेडच्या कडेला दहा बाय दहाची एक खोली असते आणि तीत एक मजूर जोडपे राहते. ते बहुधा आदिवासी असते, आणि या जिल्ह्यात आदिवासीचे दुसरे ठिकाण म्हणजे कल्याण-भिवंडीच्या वीटभट्ट्या. रात्री दिवे गेले तर धावपळ करायची ती त्यांनी, मेलेले पक्षी उचलून खड्ड्यात पुरायचे ते त्यांनी. कंपनीच्या करारात त्यांचा उल्लेख नसतो आणि किमान वेतनाची तपासणी करणारा अधिकारी त्या शेडपर्यंत फिरकत नाही. शेडधारकावर अन्याय होतो म्हणून ओरड करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवले पाहिजे की तो अन्याय आपल्या खोलीतल्या जोडप्याच्या अंगावर उतरविणे हाच त्याच्या हातातला सर्वांत सोपा उपाय असतो.

ब्रॉयलरच्या बाबतीत निदान बाजारपेठ खरी आहे. जेथे तीही नसते तेथे काय घडते, हे इमूच्या प्रकरणाने दाखवून दिले. ऑस्ट्रेलियातील हा उंच, न उडणारा पक्षी १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आंध्र प्रदेशात पाळला जाऊ लागला आणि तेथून महाराष्ट्रात व तमिळनाडूत पसरला. तेल औषधी, मांस चरबीविरहित, कातडी किमती, पिसे निर्यातीची, असा त्याचा लौकिक करण्यात आला. शेतकऱ्यांनी वाडे बांधले. इमूचा वाडा म्हणजे कोंबडीचे खुराडे नव्हे. प्रौढ पक्षी पाच ते सहा फूट उंचीचा, वजनाने चाळीस किलोंच्या घरात, आणि बिथरला तर लाथेने माणसास जायबंदी करणारा. त्यासाठी सहा फूट उंचीची साखळी जाळी लोखंडी अँगलवर ताणून बसवावी लागते. जाळीचे टोक बाहेर राहिले तर धावत्या पक्ष्याची मान वा पाय त्यात सापडतो. एका जोडीस शंभर फूट लांब आणि पंचवीस फूट रुंद, म्हणजे अडीच हजार चौरस फूट जागा द्यावी लागते, कारण धावावयास न मिळालेल्या पक्ष्याचे पाय अधू होतात. पिलांसाठी वेगळा कप्पा, आणि त्याची जमीन गुळगुळीत असून चालत नाही, पाय फाकतात. मादी हिवाळ्यात तीन-चार दिवसांआड एक हिरवे अंडे घालते, आणि ते यंत्रात सुमारे पन्नास दिवस उबवावे लागते. अंडी मिळू लागण्यास दीड ते दोन वर्षे थांबावे लागते, आणि तोवर प्रत्येक पक्षी दररोज किलोच्या आसपास खाद्य फस्त करीत असतो. मोकळ्या माळावर धावणाऱ्या या पक्ष्यासाठी आपल्या जिल्ह्यासारख्या मुसळधार पावसाच्या मुलखात वाडा बांधावयाचा तर भराव, चर आणि निवारा यांचा खर्च निराळाच.

एवढे करून तो विकावयाचा कोणास, हा प्रश्न विचारला गेला नाही, कारण उत्तर आधीच देऊन ठेवलेले होते: कंपनी परत विकत घेईल. तमिळनाडूत ईरोड जिल्ह्यातील पेरुंदुराई येथे २००६ साली निघालेल्या सुसी इमू फार्म्सची योजना या बाबतीत नमुनेदार होती. दीड लाख रुपये भरणाऱ्यास सहा पिले, वाडा व खाद्य कंपनीकडून, दरमहा सहा हजार रुपये, वर्षास वीस हजार बोनस आणि दोन वर्षांनी मुद्दल परत. जाहिरातींत सिनेनट झळकले. शाळकरी मुलालाही जमावा असा हिशेब कोणी मांडला असता तर? दोन वर्षांत कंपनीने द्यावयाचे झाले एक लाख चौऱ्याऐंशी हजार, वर मुद्दल दीड लाख. म्हणजे तीन लाख चौतीस हजार. सहा पक्ष्यांनी हे पैसे भागवावयाचे तर प्रत्येकाने पंचावन्न हजारांहून अधिक कमावले पाहिजेत, आणि त्यात खाद्याचा खर्च धरलेला नाही. चार-पाच लिटर तेल आणि वीस-पंचवीस किलो मांस देणारा पक्षी हे करू शकत नाही. ते पैसे पुढच्या ठेवीदाराच्या दीड लाखांतून येत होते. पक्षी होता, वाडा होता, रोज सकाळी पाणीही पाजले जात होते. धंदा तेवढा नव्हता.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये डोलारा कोसळला. कंपनीचे खाद्य थांबले आणि उपाशी पक्ष्यांच्या चाऱ्याची तजवीज तमिळनाडू सरकारला करावी लागली. महाराष्ट्रातही परत घेणारा उरला नाही. इमू विकावा तर गिऱ्हाईक नाही, कापावा तर सोय नाही, सोडून द्यावा तर रस्त्यावर अपघात. ज्याने कर्ज काढून जाळी उभारली होती त्याला ती अखेर भंगाराच्या भावाने किलोवर विकावी लागली. भात पिकविण्याची जमीन भराव टाकून बिघडली, ती वेगळी.

ठेच लागल्यावर शहाणपण येते म्हणतात. परंतु ठेच लागणारा पाय एकाचा आणि शहाणपण अपेक्षित ते दुसऱ्याकडून, अशी ही गोष्ट आहे. २०१९ साली सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथील महारयत अॅग्रो या कंपनीची कडकनाथ कोंबड्यांची योजना बुडाली आणि हजारो शेतकरी हवालदिल झाले. पक्षी बदलला होता, करार तोच होता: पिले आमच्याकडून घ्या, शेड तुम्ही बांधा, अंडी व कोंबड्या आम्ही परत घेऊ. त्या सप्टेंबरात संतप्त कार्यकर्त्यांनी मुख्यमंत्र्यांच्या महाजनादेश यात्रेच्या ताफ्यापुढे कडकनाथ कोंबड्या फेकल्या, तेव्हा कोठे राज्याने या प्रकरणाकडे वळून पाहिले. शहरेही यास अपवाद नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरात डोंबिवली आणि ठाण्यातील गुडविन ज्वेलर्सची दुकाने बंद झाली आणि सोन्याच्या योजनेत महिन्याकाठी पैसे भरणारे नोकरदार पोलीस ठाण्याच्या दारात उभे राहिले. १९९९ चा ठेवीदार संरक्षणाचा राज्याचा कायदा आणि २०१९ चा अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा, दोन्ही आहेत. पण पक्ष्यांच्या योजना पैसे ठेव म्हणून घेत नाहीत. त्या पिलांची किंमत म्हणून घेतात. ठेवीचा कायदा जागा होतो तो कंपनी पळाल्यावर.

रोगाच्या बाबतीतही वाड्याच्या मालकाची गत निराळी नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला आणि लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. २०२१ साली तेथेच तो पुन्हा आला. २०२२ च्या फेब्रुवारीत तो शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे आला. शंभरेक पक्षी दगावले आणि एक किलोमीटरच्या परिघातील हजारो पक्षी सरकारी आदेशाने नष्ट करण्यात आले. संसर्ग रोखण्यास हे आवश्यक होते, त्याबद्दल दुमत नाही. परंतु नुकसानभरपाई मिळते ती मारलेल्या पक्ष्यांची, नष्ट केलेल्या अंड्यांची आणि खाद्याची. करारात पक्षी व खाद्य ज्याचे, भरपाईचा पहिला दावेदार तोच. पुढे कित्येक आठवडे शेड रिकामी राहते, बँकेचा हप्ता मात्र रिकामा राहत नाही. त्या रिकाम्या शेडला भरपाईच्या तक्त्यात रकानाच नाही.

ही व्यवस्था निसर्गनियम आहे असे मानण्याचे कारण नाही. ठाण्याच्या वेशीवरच गोरेगावी १९४९ साली मुंबई सरकारने आरे दूध वसाहत उभारली, तेव्हा नेमकी उलटी रचना केली होती. गोठे सरकारने बांधले, म्हशी गवळ्यांच्या राहिल्या, त्यांनी गोठ्यासाठी शुल्क भरावे आणि दूध सरकारने घ्यावे. स्थावराचा बोजा राज्यावर, जित्राबाची मालकी पाळणाऱ्याकडे. पुढे त्या वसाहतीच्या जमिनीचे लचके कसे तुटले, हा वेगळ्या लेखाचा विषय; परंतु शेडचे भांडवल दुबळ्यानेच घातले पाहिजे असा दंडक कोणी घालून दिलेला नाही, एवढे त्यातून दिसते.

केंद्र सरकारने २०२० साली आणलेल्या करारशेतीच्या कायद्यात कुक्कुटपालनही येत होते, आणि तंट्यासाठी शेतकऱ्यास दिवाणी न्यायालयाचे दार बंद करून प्रांताच्या कचेरीत पाठविण्याची तरतूद त्यात होती. दिल्लीच्या सीमांवर वर्षभर चाललेल्या लढ्याने तो कायदा २०२१ मध्ये मागे घेण्यास भाग पाडले. तो गेला हे योग्यच झाले. पण कायदा गेला म्हणून करार गेला नाही. तो शहापूर-मुरबाडमध्ये पूर्वीप्रमाणेच चालू आहे आणि अनेकांच्या घरी त्याची प्रतदेखील नाही.

म्हणून मागण्या येथून सुरू व्हाव्या लागतील. करार मराठीत लिहिलेला असावा आणि त्याची सही केलेली प्रत शेडधारकाच्या हाती असावी. पक्ष्यांचे वजन शेडच्या दारात, त्याच्या समक्ष व्हावे. वीज आणि तुसाचा भाव वाढला की संगोपन शुल्कही वाढावे. सरकारी आदेशाने पक्षी मारले गेले तर रिकाम्या शेडच्या काळाचे हप्ते भरपाईत धरले जावेत. ज्या योजनेत पिले विकून परत खरेदीचे वचन दिले जाते, ती पशुसंवर्धन खात्याकडे नोंदविल्यावाचून आणि परतखरेदीची रक्कम आगाऊ बँकेत ठेवल्यावाचून एकाही गावात सुरू होऊ देता कामा नये. पक्षी इमू असो, कडकनाथ असो वा उद्या आणखी कोणता असो.

यांतील बहुतेक मागण्यांस आज जिल्ह्यात वालीच नाही, कारण शेडधारक एकमेकांस ओळखत नाहीत. प्रत्येकजण आपल्या सुपरवायझरला तेवढा ओळखतो. कोणत्या गावात किती शेड आहेत, कोणत्या कंपनीच्या, कर्ज कोणत्या बँकेचे, गेल्या चार बॅचना शुल्क किती पडले आणि किती कापले गेले, ही माहिती गावोगाव फिरून गोळा करण्याचे काम कार्यकर्त्यांनी अंगावर घेतल्यावाचून पुढचे पाऊल पडणार नाही. त्या यादीत शेडधारकाच्या नावाशेजारी खोलीत राहणाऱ्या जोडप्याचेही नाव लिहिले गेले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी ते त्या गावच्या शिधापत्रिकेवरही सापडणार नाही.