पाठीवरचा भोपळा

आमच्या लहानपणी विहिरीत पोहावयास शिकताना मुलांच्या पाठीला सुका भोपळा बांधीत असत. त्याच्या आधाराने मूल पाण्यावर तरंगे, हातपाय मारू लागे आणि हळूहळू त्याची भीती मोडे. काही दिवसांनी शिकविणारा मोठा भोपळा सोडून लहान बांधी. आणि एके दिवशी तोही काढून ठेवी. त्या दिवशी मुलाच्या नाकातोंडात थोडे पाणी जाई. परंतु त्याच दिवशी त्याला खरे पोहणे येई.

हल्लीच्या शिकवण्यांचा विचार मनात आला, की मला या भोपळ्याची आठवण होते. शिकवणी ही मुळात वाईट गोष्ट नव्हे. ज्याच्या घरी शंका विचारावी असे कोणी नाही, आजारपणामुळे ज्याची शाळा बुडाली आहे, किंवा अपूर्णांक कच्चे राहिल्यामुळे ज्याचे पुढचे सारे गणित अडले आहे, त्याला आधार दिलाच पाहिजे. प्रश्न एवढाच, की हा आधार सुटणार केव्हा?

मी ३५ वर्षे अध्यापन केले. एकदा नववीच्या वर्गातील एका मुलाची भूमितीची वही पाहून मी प्रसन्न झालो. प्रत्येक सिद्धता सुवाच्य आणि बिनचूक होती. मी त्यास फळ्याजवळ बोलाविले. वहीतलाच काटकोन त्रिकोण काढला. फक्त तो उलटा काढला आणि शिरोबिंदूंना अ, ब, क यांऐवजी प, फ, भ अशी नावे दिली. मुलगा हातात खडू धरून उभाच राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "सर, शिकवणीत ही आकृती झालेली नाही." त्याला दोष कसा द्यावा? तो अडण्यापूर्वीच कोणीतरी त्याची अडचण दूर करीत असे. स्वतः वाट शोधण्याची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

सकाळी शिकवणी, दुपारी शाळा, सायंकाळी पुन्हा शिकवणी. मग स्वाध्याय कधी करावयाचा आणि खेळावयाचे कधी? शिवाय ज्याच्या पालकांना शुल्क परवडत नाही, त्याने काय करावे? शासनालाही याची जाणीव आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शिक्षकांस खासगी शिकवणी करण्यास मनाई केली. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने मार्गदर्शक सूचना काढून, १६ वर्षांखालील विद्यार्थ्यांस शिकवणीवर्गांनी प्रवेश देऊ नये, असे सांगितले. परंतु परावलंबनाची सवय कायद्याने मोडत नाही. ती ज्याची त्यानेच मोडावी लागते.

विद्यार्थी मित्रांनो, कठीण उदाहरण समोर येताच वही घेऊन दुसऱ्याकडे धावू नका. अर्धा तास त्याच्याशी झुंजा. कोणत्या पायरीवर अडले, ते लिहून ठेवा आणि मग खुशाल विचारा. आपण नेमके कोठे अडलो, हे ज्याला सांगता येते, त्याचे अर्धे काम झालेलेच असते. शिकविणाऱ्यानेही त्याला उत्तर न सांगता पुढची पायरी सुचेल असा प्रश्न विचारावा. "आता माझे मला जमते," असे विद्यार्थी म्हणेल, तो दिवस त्याने आपल्या यशाचा मानावा.

पाठीला भोपळा बांधण्यात लाज नाही. मात्र तो सोडण्याचे धैर्य ज्याला झाले नाही, त्याला पोहता येते असे कोण म्हणेल?